पत्त्याचा रकाना

आमच्या नगररचना कचेरीत नियम असा: घर बंद दिसलं तर आठवड्याच्या अंतराने तीनदा जायचं. तिन्ही वेळा कुलूप असेल, तरच ‘रिकामं’ लिहायचं. हा नियम मीच हुज्जत घालून करून घेतला. त्याआधी सर्वेक्षणवाले एकदाच डोकावायचे आणि कामाला गेलेली माणसं कागदावरून गायब व्हायची. साहेब म्हणाले होते, “बाई, तुम्ही फार काथ्याकूट करता.” करते. स्वभावाला औषध नाही.

बस जिथून परत फिरते, त्या शहराच्या टोकाला नवी वस्ती आखायचं काम माझ्याकडे होतं. खाली दुकानं आणि छोटे कारखाने, वर घरं, चालत जाण्याजोगी शाळा, खोलगट जागी पावसाच्या पाण्याचं तळं. आणि आधीपासून राहणाऱ्यांना, भाडेकरूंनासुद्धा, तिथेच जागा. ही अट माझ्या हट्टाची. तिथल्याच एका भाड्याच्या खोलीत मी वाढले. आई गेल्यावर आत्याने मला पोटाशी धरलं आणि खिडकीशी शिलाईचं मशीन मांडून शिकवलं. लोकांच्या बाह्या आखूड करता करता तिची चाळीस वर्षं गेली.

आत्या अजून तिथेच राहायची. नातं आहे म्हणून मी साहेबांना सांगून तिच्या खोलीचा पट्टा दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवला. वशिला नको, कुणाला बोट ठेवायला जागा नको. त्याच्या नकाशांना मी हातसुद्धा लावला नाही. केवढा अभिमान होता मला त्याचा!

त्याच सुमारास आत्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्या घरी आणलं.

“इतके दिवस दुकान बंद? गिऱ्हाईक तुटेल गं.”

“सुईत दोरा ओवता येत नाही, आणि म्हणे गिऱ्हाईक!”

एक डोळा झाला, मग दुसरा, मग तपासण्या. चोवीस दिवस राहिली. संध्याकाळी घरात शिरताना दिवा लागलेला असायचा. मी इतकी सुखात कधीच नव्हते.

आराखडा मंजूर झाला, हरकतींची मुदत संपली, आणि वस्तीची प्रतिकृती सभागृहात मांडली. मी आत्याला मुद्दाम बघायला नेलं. नव्या डोळ्यांनी ती वाकून शोधू लागली.

“ही पाण्याची टाकी. ही लाकडाची वखार. वखारीपासून चौथं दार माझं.” तिचं बोट सरकत आलं आणि निळ्या काचेवर थांबलं. “इथे तर पाणी आहे गं.”

“नीट बघ. डोळे अजून सरावले नाहीत तुझे,” मी हसत म्हटलं. मग मी बघितलं.

कचेरीत जाऊन सर्वेक्षणाचा कागद काढला. तीन भेटी, तीन कुलुपं, सगळं नियमाप्रमाणे. शेऱ्याच्या रकान्यात शेजारणीचं सांगणं: ‘भाचीकडे असते.’ त्या ओळीतल्या चार खोल्या रिकाम्या निघाल्या म्हणून सहकाऱ्याने तळं थोडं अलीकडे ओढलं होतं. बैठकीत मी विचारलंही होतं, “कुणाचं राहतं घर जात नाही ना?” तो म्हणाला, “एकही नाही.” नकाशा मी उघडला नाही. तो पट्टा माझा नव्हता ना!

मी पुनर्वसन समितीकडे दाद मागितली. समितीने आत्या तिथे राहते याचे कागद मागितले. भाडं हातोहात दिलेलं, पावती नाही. विजेचं बिल मालकाच्या नावावर, आणि मालक जागा देण्याच्या कागदावर सही करून मोकळा झालेला. आत्याच्या ओळखपत्रावर माझा पत्ता. तिकडे टपाल गहाळ होतं म्हणून मीच बदलून घेतला होता. उरला दवाखान्याचा कागद. ती फक्त उपचारापुरती माझ्याकडे होती, हे त्यावरून तरी कळेल, या आशेवर मी तो पुढे केला.

समितीतल्या बाईंनी तो वाचला आणि पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. पत्ता माझा, अक्षर माझं. औषधं वेळेवर यावीत म्हणून लिहिलेला.

“मॅडम, कागदोपत्री त्या तुमच्याकडेच राहतात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आणि तीन भेटींचा नियमही तुमचाच.”

चूक माझी आहे, असं मी लिहून दिलं. साहेबांनी ते फाइलला लावलं आणि वर शेरा मारला: ‘नात्यातले प्रकरण’.

आता मशीन माझ्या गॅलरीत आहे. तिसऱ्या मजल्यावर बाही आखूड करायला कोण चढून येणार? आत्या सकाळी सुईत दोरा ओवते. “बघ, एका झटक्यात!” म्हणून मला दाखवते. मग शिवायला काही नसतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडते. ती विचारत नाही, तिला सगळं कळतं.

काल तिने एक पुठ्ठा माझ्यापुढे ठेवला. घर पाडेपर्यंत जुन्या दारावर लावायचा होता, एखादं गिऱ्हाईक आलं तर कळावं म्हणून.

“तुझं अक्षर चांगलं आहे. लिही, शिलाईचं दुकान हललं आहे. खाली पत्ता लिही.”

पहिली ओळ लिहिली आणि माझा हात थांबला.

“लिही ना गं,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवलं नाही. “माझा पत्ता नेहमी तूच तर लिहितेस.”