उगारलेली पट्टी

मित्रांनो, मी मोताळ्याच्या इंद्रभान टेलरची जुनी सागवानी पट्टी. मलकापूरच्या फकीर मोहम्मद मिस्त्रींनी मला रंधा मारून गुळगुळीत केलं, अंगावर आकडे कोरले आणि माझं आयुष्य कापडावर सुरू झालं. शाळेचे गणवेश, नवरदेवाचे सदरे, सगळं आधी माझ्याशेजारी आडवं व्हायचं. "ह्या पट्टीचं माप चुकत नाही," असं इंद्रभान गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पण घरात माझा दुसराही उपयोग होता. त्यांचा मुलगा प्रेमानंद खोडकर. त्याने काही आगळीक केली, की मी त्याच्या पाठीवर उमटायची.

पुढे इंद्रभान खाटेला लागले आणि घरातलं हे दुकान प्रेमानंदच चालवू लागला. फितीचं माप आलं आणि मी खिळ्यावर गेले. पडद्याचं लांबरुंद कापड आलं तरच माझी आठवण होई.

गेल्या महिन्यात एका बाजाराच्या दिवशी प्रेमानंदची मुलगी अनुपमा शाळेतून घरी आलीच नाही. तिसरीतलं लेकरू! प्रेमानंदने स्टँड पालथा घातला, बाजार पालथा घातला. दिवस बुडताना ती मैत्रिणीसोबत हसत आली. आकाशपाळणा पाहायला गेली होती.

प्रेमानंदने मला खिळ्यावरून ओढलं. तिच्या तळव्यावर एक, दोन. तिसऱ्यांदा उगारलं, तेव्हा त्याची बायको मंजुश्री हिने मला हवेतच धरलं.

"लेकरू सापडलं तं पोटाशी धरा नं! मारून काऊन राह्यले?"

"मले बाबांनी मारलं म्हणून मी सुधरलो," प्रेमानंद ओरडला.

"सुधरले? तुमी तं आजबी बाबांजवळ बसत नाही. दारातूनच बोलता."

खाटेवरचे इंद्रभान म्हणाले, "सूनबाई, थोडा धाक पाह्यजेच." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता.

त्या दिवसापासून घरात कोणालाच चैन नव्हतं. अनुपमा शाळेतून वेळेवर येई, पण शाळेतलं काहीच सांगत नसे. भांडं पडलं तरी दचके.

मग एका सकाळी पडद्याचं कापड आलं. प्रेमानंदने मला खिळ्यावरून काढलं. अनुपमा जमिनीवर बसून गणितं सोडवत होती. तिने वर पाहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि गुपचूप हात पुढे केला. तळवा वर.

"आज काय चुकलं माहं, बाबा?"

प्रेमानंदच्या हातून मी निसटले. तो तिथेच खाली बसला. "काही नाही चुकलं, माय. पट्टी मी कापड मोजाले घेतली होती," असं म्हणत त्याने तिचा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरला. तरीही तिची बोटं बराच वेळ ताठच होती. खाटेवर इंद्रभानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

वाद अजून मिटलेला नाही. इंद्रभान कधी धाकाचं बोलतात, मंजुश्री उलट उत्तर देते, प्रेमानंद मान खाली घालून मशीन चालवत राहतो. मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. घरात कोणाचा आवाज चढला, की मी भिंतीवर टकटक हलते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी टांगलेलं असेल. मला स्वतःहून थांबता येत नाही. म्हणून माझ्याकडे येणारा हात कोणीतरी आधीच धरा.