सात तारे आणि पिवळे पट्टे

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे. निदान इतकी वर्षे मला तसे सांगण्यात आले आणि मीही ते मानले. आता मात्र माझा पुरता गोंधळ उडाला आहे, म्हणून तुमच्याशी बोलते आहे.

युद्धाच्या धामधुमीत एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझा पत्रा ठोकणाऱ्या बाया कामाची पाळी संपली की दुखरे हात गार पाण्यात बुडवून बसत, एवढे मला पक्के आठवते. त्यानंतरचे सगळे धूसर आहे. युद्ध संपले आणि मला एका माळाच्या कडेला लोटून दिले. कोंबड्यांनी माझ्या पोटात संसार थाटला. मला वाटले, आता आपले दिवस भरले.

तेवढ्यात कॅप्टन आला. कॅप्टन हे त्याचे टोपणनाव. धंदा म्हणाल तर फरशा विकण्याचा, आणि साध्या शिडीवर चढला तरी त्याचे पाय लटपटत. पण त्याचे वडील वैमानिक होते आणि ते मलाच उडवत, अशी त्याची खात्री होती. फरशांच्या जुन्या गोदामात त्याने खासगी संग्रहालय थाटले. मला आणि आणखी दोन विमानांना तिथे आणले, मला हिरवा रंग दिला आणि नाकावर तीन लाल तारे काढले. एक तारा म्हणजे पाडलेले एक शत्रूचे विमान. मुलांना गोष्ट सांगता सांगता पुढे तिनाचे पाच झाले आणि पाचाचे सात.

“शेपटीवरची ही भोकं बघा,” तो सांगे. “शत्रू मागे लागला होता, पण बाबांनी त्याला गुंगारा दिला.” मुले आ वासून ऐकत. तिकिटाच्या टेबलाशी बसलेली त्याची थोरली बहीण, ताई, मान खाली घालून विणत असे.

ऐकून ऐकून मलाही ते सारे आठवू लागले. ढग आठवले, धूर आठवला, गिरक्या आठवल्या. फक्त एक गोष्ट जुळत नसे. मधूनच शेपटीला मागून काहीतरी ओढते आहे, असे वाटे. म्हातारपणी शरीर कुरकुरणारच, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

पुढे कॅप्टनचे गुडघे थकले आणि गोदामाचे छप्पर गळू लागले. दोन्ही विमाने दुसरीकडे गेली. मला घ्यायला एक मोठे संग्रहालय तयार होते, पण आधी माझा इतिहास तपासायला त्यांनी एका बाईंना पाठवले. कोणते जुने विमान कुठे कुठे होते, हे हुडकून काढणे हेच त्यांचे काम. आसनामागच्या पट्टीवरचा क्रमांक जुन्या नोंदींशी ताडून त्यांनी सांगितले, की हे विमान कॅप्टनचे वडीलच उडवत. कॅप्टनला आभाळ ठेंगणे झाले.

मग बाईंनी माझ्या पोटाखालचा हिरवा रंग हलकेच खरवडला. खाली पिवळा निघाला. त्याला लागून काळा, पुन्हा पिवळा. मी स्वतःच चकित झाले. हे पट्टे माझेच होते?

“हे विमान लढलेलं नाही,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “लांब तारेला मोठं कापड बांधून ते ओढत न्यायचं. शिकाऊ सैनिक त्या कापडावर नेम धरायचे. नेम चुकला की गोळी शेपटीला.”

“म्हणजे आपल्याच माणसांनी मारल्या?” कॅप्टनने विचारले.

“आपल्याच.”

कॅप्टनने बाईंना सामान आवरायला सांगितले. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागले. माझ्यापुढच्या फलकावर पराक्रमाची जी गोष्ट आहे तीच लिहून द्या, असेही म्हणाला. तसे मला लिहिता येणार नाही, असे सांगून बाई बाहेर अंगणात जाऊन बसल्या.

माझी अवस्था काय सांगू? शेपटीची ती ओढ खरी होती, तर मग डोक्यातली लढाई कोणाची? मी नक्की कोण?

ताईने विणकाम बाजूला ठेवले आणि ती माझ्या पंखाखाली स्टूल ओढून बसली.

“बाबा कधी कुणाकडे पाठ करून बसायचे नाहीत,” ती भावाला म्हणाली. “जेवतानासुद्धा पाठीला भिंत लागायची. तू म्हणायचास, लढवय्याची सवय. मी एकदा विचारलं होतं त्यांना. म्हणाले, ‘पोरं शिकतायत अजून.’ मला काही कळलं नव्हतं रे. आज कळलं.”

वडिलांची जागा म्हणून कॅप्टन माझ्या आसनावर कधीच बसला नव्हता. आज तो ताईच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढला आणि आत बसला. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, कमरेतून वळून पाहिले.

“ताई,” तो म्हणाला, “इथून मागचं काहीच दिसत नाही.”

आणि तो लहान मुलासारखा रडला. मग त्याने बाईंना आत बोलावून चहा दिला आणि जे खरे आहे तेच लिहा, असे सांगितले.

न लढलेल्या विमानाला मोठ्या संग्रहालयात जागा नव्हती. शेवटी एका तंत्रशाळेने मला नेले. निघण्याआधी कॅप्टनने ते सातही तारे स्वतः पुसले. आता माझ्या अंगावर पुन्हा पिवळे-काळे पट्टे आहेत आणि मुले माझ्या पत्र्यावर ठोकाठोक शिकतात. पुष्कळदा त्यांचे घाव चुकतात. मी सोसते.

तरीही कधी कधी ढगांतली ती लढाई मला आठवते. ती माझी नाही, हे कळते, पण ती जात नाही. तुम्हीच सांगा, मी तिचे काय करू?

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांची धूळ पुसा, गंज काढा, त्यांना छपराखाली ठेवा. पण माया कितीही असली तरी आमच्या अंगावर दुसऱ्याचा पराक्रम रंगवू नका. आम्ही भोळ्या असतो. तुम्ही सांगाल ते खरे मानतो.