सभासद नसलेली सायकल

"दम आहे रे याच्यात! धरून बघ, अंगठा टिकत नाही!"

जन्मल्यावर माझ्या कानी पडलेलं हे पहिलं वाक्य. लेथवरच्या एका कारागिराने माझ्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता आणि माझ्या वाऱ्याने तो उडवून लावला होता. मित्रांनो, मी सायकलच्या दुकानातला एक जुना हवेचा पंप आहे. पितळी अंग, लाकडी मूठ आणि खाली पाय रोवायला दोन लोखंडी कान.

थोरल्या मिस्त्रींनी मला विकत आणलं आणि दुकानाच्या पायरीपाशी उभं केलं. मला साखळी नव्हती, कुलूप नव्हतं. येईल त्याने हवा भरावी आणि आपल्या वाटेने जावं. मिस्त्रींचा कायदा एकच होता. ते म्हणत, "हवा भरताना माणूस वाकतो. वाकला की नजर चाकाशी जाते. तिथे जे दिसेल ते सायकलवाल्याला सांगायचं. हवा फुकट, सांगणंही फुकट."

त्यांची लेक माझ्यावरच हे काम शिकली. तेव्हा ती एवढीशी होती. मूठ खाली जावी म्हणून दोन्ही पाय उचलून माझ्यावर लोंबकळायची आणि गायची,

*"दाब गं बाई दाब, माझ्या पोटी वारा,*
*चाकाच्या पोटी गेला, रस्ता पळे सारा."*

मिस्त्री गेले. लेकीला आता सगळे ताई म्हणत. हात तिचे, पण गल्ला आणि तोंड जावईबापूंचं. या गृहस्थांना सायकलची चेन कोणत्या बाजूला असते असं विचारलं असतं, तर त्यांनी आधी समिती नेमली असती. त्यांनी कार्डं छापली. सोनेरी सभासद, रुपेरी सभासद. सोनेरीला खुर्ची, गार पाणी आणि बत्तीस दात दाखवून "या, या!" बिनकार्डाच्या माणसाला नुसतं "हं?" घंटीची किंमत आधी वर चढवायची, मग सभासदासाठी तिचा हात धरून तिला खाली उतरवायची, आणि याला म्हणायचं सवलत! सभासदही असे महाभाग, की सवलत मिळते म्हणून एका सायकलला दोन घंट्या लावून जात.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण एक दिवस त्यांनी ताईला बजावलं, "सायकलमध्ये काय बिघडलंय ते फक्त सभासदांना सांगायचं. तपासणी ही सेवा आहे. बाकीच्यांना फुकटात सांगत बसलीस तर कार्ड कोण घेईल?"

"अहो, पण बाबा तर..."

"बाबांनी दुकान चालवलं नाही, पाणपोई चालवली."

ताईची ती मान खाली घालून कापडाला हात पुसण्याची तऱ्हा मला मुळीच आवडली नाही.

मग सिस्टर आल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणाऱ्या, पट्ट्या बदलणाऱ्या. वीस वर्षं माझीच हवा घेत होत्या.

"भर गं पोरी दोन दाब. टेकाडावरची आजी वाट बघतेय."

"सिस्टर, कार्ड आहे का?" जावईबापूंनी आतून विचारलं.

"मला ओळखायला आता कार्ड लागतं होय? चष्मा लावा की त्यापेक्षा!"

ताई हसली आणि पुढच्या चाकाशी वाकली. माझ्या नळीचं तोंड चाकाच्या तोंडात होतं. वर ब्रेकची वायर ताईच्या डोळ्यांसमोर होती. वायरीच्या तारांचे पदर सुटून कुंचल्यासारखे फुलले होते. धड असे दोनच पदर उरले होते. ताईचे हात थबकले. तिने वर पाहिलं, आत गल्ल्याकडे पाहिलं. आणि पुन्हा मूठ दाबली.

"झालं, सिस्टर."

त्या दोन शब्दांचा मला जेवढा तिटकारा आला, तेवढा जावईबापूंच्या सगळ्या कार्डांचाही आला नाही. त्यांना काही कळतच नव्हतं. हिला कळत होतं.

नऊ दिवसांनी सिस्टर चालत आल्या. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हाताने सायकल ढकलत. टेकाडाच्या उतारावर पडल्या होत्या.

"अरेरे!" जावईबापू म्हणाले. "आमच्याकडे अपघातग्रस्तांना पहिल्या वर्षी अर्ध्या वर्गणीत..."

"कार्ड राहू द्या. सायकल ठेवून घ्या आणि विकून टाका." सिस्टर पायरीवर टेकल्या. "वय झालं माझं. ब्रेक वेळेवर दाबलाच गेला नसणार. ज्या हातांना स्वतःची सायकल आवरत नाही, त्यांनी दुसऱ्याची जखम कशाला धुवावी? कामही सोडतेय."

जावईबापूंनी सीटवर थाप मारली. "जुनी आहे हो. सभासद असतात तर भाव जरा..."

मित्रांनो, माझं वॉशर आता सुकलंय. मला तेल घातलंत तर बरं, नाही घातलंत तरी माझं फारसं अडत नाही. पण एवढं माझं ऐका. वाकाल तेव्हा डोळे उघडे ठेवा, आणि दिसलेलं सांगा. ज्याला सांगायचं तो कोणाचा कोण आहे हे विचारू नका. कार्ड पाहून तोंड उघडणाऱ्या माणसापेक्षा रबराचा व्हॉल्व्ह बरा. तो निदान आतली हवा तरी राखतो.

ताई मात्र उठली. जावईबापूंचा हात सीटवरून बाजूला केला आणि सिस्टरांच्या समोर खाली बसली.

"अगं, सोनेरीवाले थांबलेत," जावईबापू म्हणाले.

"थांबू देत." तिने सिस्टरांचा चांगला हात धरला. "सिस्टर, तुम्ही ब्रेक वेळेवरच दाबला होता. वायर तुटली. तुटायला आलेली मी त्या दिवशी पाहिली होती, या डोळ्यांनी. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."