काढणीचं प्रात्यक्षिक

खडवलीजवळच्या आमच्या शेतात पप्पा कसावा लावायचे. ज्याचा साबुदाणा होतो, तो कंद. कृषी सहाय्यक देवेश दरवर्षी पाहणीला यायचे आणि डोक्याएवढ्या झाडांत उभे राहून म्हणायचे, "लिनो अंकल, हे पीक आमच्या यादीत नाही. मी कागदावर शेत पड दाखवतो."

"दाखवा," पप्पा म्हणायचे, "आणि ही उकडलेली पड खाऊन जा."

यंदा कसाव्याचा प्रसार करा, असा वरून आदेश आला. ऑगस्टमध्ये पप्पा गेले. सप्टेंबर संपताना देवेश बॅनर घेऊन आले. त्यावर पप्पांचा फोटो आणि खाली 'प्रगतिशील शेतकरी कै. लिनो'.

"आमच्या लिनोला कैलासावर धाडलास काय रे?" शेजारच्या सबीना मावशीने विचारलं.

"छापील साचा आहे, मावशी. बदलता येत नाही."

गुरुवारी आमच्या शेतात त्यांच्या साहेबांसमोर काढणीचं प्रात्यक्षिक करायचं होतं. मी हो म्हटलं. पप्पांचं पीक निदान कुणी बघेल तरी. फक्त झाडांची एक ओळ माझ्यासाठी मागून घेतली. रविवारी आगेरा होता. नव्या पिकाला चर्चमध्ये आशीर्वाद मिळतो, त्यासाठी सगळे भाताच्या लोंब्या नेतात. पप्पा कंद न्यायचे. हे त्यांनी लावलेलं शेवटचं पीक होतं.

"ती ओळ मी रविवारी पहाटेच काढीन," मी म्हटलं. "उपटला की कंद दोन-तीन दिवसांत आतून काळानिळा पडतो."

"ताई, टेन्शन नका घेऊ."

गुरुवारी मी ठाण्याहून पोचले, तर सगळं शेत उपटलेलं. साहेबांच्या हाताला माती लागू नये म्हणून कंद धुऊन टेबलावर मांडलेले.

"माझी ओळ?"

"सॉरी ताई. टेबल रिकामं दिसत होतं."

साहेब त्या दिवशी वागळे इस्टेटमधल्या बैठकीत अडकले. शुक्रवारी आणखी कुठे अडकले. शनिवारी दुपारी आले आणि बोलले सुंदर. विषय होता, 'काढणीनंतरची नासाडी कशी टाळावी'. मग त्यांनी एक कंद कापला. आत निळ्या रेषा.

"अरे वा! निळी जात?"

"हो सर," देवेश म्हणाले, "स्थानिक वाण."

टाळ्या झाल्या, फोटो झाले, जेवणाची पाकिटं संपली. मंडप गेला. बॅनर तेवढा राहिला. त्याची एक दोरी बांबूला होती आणि दुसरी कसाव्याच्या झाडाला. ते उपटलं असतं तर बॅनर पडला असता, म्हणून वाचलेलं एकच झाड.

रविवारी पहाटे मी दोरी सोडली, बॅनरची घडी केली आणि बुंधा हलवून झाड उपटलं. मुळाशी चार कंद होते.

"साहेबांना बोलवू का गं?" मावशी कुंपणापलीकडून म्हणाली.

आगेऱ्याहून परतल्यावर त्या झाडाच्या कांड्या कापल्या. कोंबांचे डोळे वर ठेवून त्या रोवत होते, तेवढ्यात देवेश यांचा फोन आला.

"ताई, प्रात्यक्षिक यशस्वी झालं. आता शेत मोकळं आहे ना? पड दाखवू?"

"दाखवा," मी म्हटलं आणि पुढची कांडी उचलली.