मानेवरचा डिंक

संग्रहालयातल्या भुंगेऱ्यांच्या कपाटांवर बाबांनी तीस वर्षं काढली. ते निवृत्त झाल्यावर ती खुर्ची त्यांच्या मुलीकडे आली. उभ्या आयुष्यात बाबांनी एकच नवी जात नोंदवली आणि तिला दादाचं नाव दिलं. तो किडा दादानेच आणला होता, आणि त्याच वर्षी, वयाच्या नवव्या वर्षी, दादा तापाने गेला. त्या जातीचा जगात एकच नमुना होता: टाचणीला टोचलेला, मूळ नमुन्याची लाल चिठ्ठी लावलेला. जात खरी की खोटी, हे त्या एकावरच ठरणार होतं. पुढे लोकांनी रानं तुडवली, दुसरा सापडला नाही. नामशेष झाला, असं छापून आलं.

नामशेष किड्यांवर लिहिणारा एक संशोधक फोटोसाठी हात धुऊन मागे लागला होता. तिने नमुना भिंगाखाली धरला. मानेशी डिंकाची पिवळी रेघ होती. धड पोत्याने सापडणाऱ्या साध्या भुंगेऱ्याचं, डोकं भलत्याच जातीचं.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात असताना तिने बाबांना डिंकाबद्दल विचारलं.

"बापाच्या चुका काढायलाच नेमलंय तुला," बाबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "त्याने आणला तेव्हा डोकं नव्हतंच. पोराने भोकाड पसरलं. मी टाकाऊतल्या एकाचं चिकटवून दिलं."

"आणि नोंद?"

"तो गेल्यावर. तोवर डिंक सुकला होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला दुसरं येत काय होतं? किड्यांना नावं देता येत होती." त्यांनी आवाज उतरवला. "वरून फोटो काढ. मान दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने वरून काढला. खरंच दिसत नव्हती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती त्या फोटोसमोर बसून राहिली. नसलेल्या किड्याला शोधत माणसं अजून डोंगर चढत होती. तिने नमुना आडवा केला, मानेचा फोटो काढला आणि खाली चार ओळी लिहून पाठवून दिला.

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, "पाठवलास का गं दादाच्या किड्याचा फोटो?"

"पाठवला."

"त्याचं नाव छापतील ना?"

रद्द नावांच्या यादीत, बारीक अक्षरात छापणार होते.

"छापतील," बाबांकडे न बघता ती म्हणाली.

बाबा ताटावरून उठले.