सुकऱ्याचा बटवा

नाडी हाताला लागेना.

जिवलीच्या मनगटावर माझी तीन बोटं होती. ऑपरेशनच्या टेबलाशी माझं काम एवढंच, नाडी मोजायची आणि डॉक्टर थदानींना आकडा सांगत राहायचा. उजव्या स्तनातली लिंबाएवढी गाठ काढायची होती. कॅन्सरची. पहिला छेद गेला तेव्हा नाडी साठ होती. मग पन्नास झाली, मग चाळीस. मध्येच दोन ठोके घाईघाईने आले, आणि मग काहीच नाही.

"डॉक्टर, नाडी गेली," मी म्हटलं.

त्यांनी गाठ तशीच सोडली, डाव्या बाजूने फासळ्यांमधून छाती उघडली आणि हात आत घातला. त्या काळी थांबलेल्या हृदयाला तोच एक उपाय होता. गाईची धार काढावी तशा एका लयीत ते हृदय दाबत होते, सोडत होते. चार मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग माझ्या बोटांखाली काहीतरी हललं. मला रडू कोसळलं, आणि त्याबद्दल टेबलापाशीच डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

ही १९५४ सालची गोष्ट. उल्हासनगरच्या छावणीत, लष्कराच्या जुन्या बराकींत आमचं इस्पितळ होतं. डॉक्टर सिंधमधलं घरदार सोडून आलेले. मी कुमुदिनी, अंबरनाथच्या शिवमंदिराकडची, नर्स होऊन चार वर्षं झालेली. पोरगी कामाला वाघ आहे, पण जिभेला हाड नाही, असं आमची आई म्हणायची. तेव्हा मला त्यातलं पहिलं तेवढं ऐकू यायचं.

बाहेर व्हरांड्यात जिवलीचा नवरा सुकऱ्या उकिडवा बसला होता. बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, आजूबाजूच्या गावांना झाडपाल्याचं औषध देणारा. डॉक्टरांनी त्याला आपल्या हिंदी मिसळलेल्या मराठीत सांगितलं की बायको जिवंत आहे, पण गाठ आतच राहिली. हृदय फार कमजोर दिसतं, पुन्हा टेबलावर घेतलं तर उठणार नाही. जखम भरली की घरी न्या. गाठ तशीच राहिली तर किती दिवस, असं सुकऱ्याने विचारलं. फार तर वर्ष, डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

मीही निघाले होते. त्याने मागून हाक मारली.

"बाय, रागावणार नसाल तर येक सांगू?"

"सांग लवकर."

"त्या गाठीपायी मी तिला कण्हेरीचं मूळ देत होतो. उगाळून. दोन महिने झाले. काल सकाळी पन दिलंय."

कण्हेर म्हणजे विष, आणि थेट हृदयावर जाणारं विष. आमच्या आळीत कुणाची शेळी कण्हेरीला तोंड लावायची तर तिला संध्याकाळ दिसत नसे. हा माणूस तेच मूळ नखाएवढं उगाळून बायकोला पाजत होता, आणि तेही माया म्हणून. अरे मेल्या, मग विचारलं तेव्हा का नाही बोललास, असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. का नाही बोलला ते मला ठाऊक होतं.

भरतीच्या दिवशी त्याच्या कमरेला औषधांचा बटवा दिसला होता. मी तो ओढून घेतला आणि साऱ्या वॉर्डासमोर केराच्या डब्यात रिकामा केला. हे जंगली धंदे इथे चालायचे नाहीत, तिच्या पोटात एक पान जरी गेलं तरी दोघांना हाकलून देईन, असं वर ऐकवलं. आणि त्यानंतर केसपेपर काढून विचारलं, काही औषध चालू आहे का? सुकऱ्याने एकदा डब्याकडे पाहिलं आणि "नाय" म्हणाला. मी "नाही" असं लिहिलं. तेवढं ऐकून घेतल्यावर कोण हो म्हणेल?

"बटवा तर मी ओतला होता," मी म्हटलं.

"येक तुकडा धोतराच्या गाठीत राहिला होता."

पाच मिनिटं मी चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. आमच्या घरात कमावणारी मी एकटी. गप्प बसले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. जिवली घरी गेली असती आणि वर्षभरात मेली असती, कमजोर हृदयाची म्हणून. मग मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, केराच्या डब्यासकट.

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला आणि माझं "नाही" खोडलं. "सिस्टर, ये तो अच्छी खबर है," ते म्हणाले. हृदय धडधाकट होतं, ते विषाने थांबलं होतं. विष उतरू दे, जखम भरू दे, मग गाठ काढता येईल. "और आपसे बाद में बात करूँगा." ती बात त्यांनी कधीच केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दीड महिन्याने जिवलीला पुन्हा टेबलावर घ्यायचं ठरलं. आदल्या दिवशी मी व्हरांड्यात सुकऱ्यासमोर खाली फरशीवर बसले आणि पुन्हा विचारलं. त्याने धोतराची गाठ सोडली, टोक झटकून दाखवलं. "काय नाय, बाय." या वेळी नाडी शेवटपर्यंत अठ्ठ्याहत्तरच्या आसपास राहिली. गाठ निघाली. शुद्धीवर आल्यावर जिवलीने उजवीकडच्या पट्टीवरून, मग डावीकडच्या जुन्या व्रणावरून हात फिरवला आणि मला हळूच म्हणाली, "काळजात हात घातलाय दाक्तराने, नि माझ्याशी बोलायला लाजतोय."

त्यानंतर सुकऱ्या स्वतःच रोगी घेऊन यायला लागला. माझ्या टेबलावर बटवा सोडायचा आणि याला हे दिलंय, हे दिलं नाही, असं एकेक मूळ मांडून सांगायचा. दाक्तराचा गडी झाला, असं पाड्यावर त्याला चिडवत. तो मनावर घेत नसे. चार वर्षं असं चाललं.

मग दुखणं उलटलं. जिवलीच्या पाठीच्या कण्यात उतरलं. आता चिरून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. आम्ही वेदनेच्या गोळ्या बांधून दिल्या आणि तिने घरी जायचं म्हटलं.

गणपतीनंतर एका दुपारी सुकऱ्या एकटाच आला. जिवली गेली, हे बघताक्षणी समजले. "बसा," मी म्हटलं. तो पहिल्यांदाच खुर्चीवर बसला आणि सवयीने बटवा टेबलावर ठेवला.

"तुमी इचारायच्या आधी सांगतो," तो म्हणाला. "तिला काय पन दिलं नाय. गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. लय दुखायचं. म्हनायची, तुझं मूळ दे, त्याचा मला गुन येतो."

"मग?"

"सहाणेवर नुसता दगड उगाळायचो, बाय. तिला आवाज यावा म्हनून. नि पानी पाजायचो."

"बरं वाटायचं तिला?"

"झोपायची."

त्याने बटवा उचलून कमरेला बांधला. दाराशी जाऊन वळला. "चामटोलीच्या येका बाईला उद्या आनतो. तिला काय काय दिलंय ते सांगतो तुमाला."

"या," मी म्हटलं.

तो गेल्यावर मला रडू आलं. या वेळी मला कुणी बोललं नाही.