अकरा फरशा

डॉक्टर नाझनीन मुल्ला यांच्या दातांच्या दवाखान्यात बाकापासून खुर्चीपर्यंत अकरा फरशा आहेत. पण त्या मोठ्या माणसांसाठी. लहान मूल आलं की ती वाट त्याच्या घरच्या बोलण्याइतकी लांब होते. "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील," असं घरी जितक्या वेळा कुणी म्हटलं असेल, तितक्या फरशा वाढतात. एका धमकीला एक फरशी. मुलाचा हात धरून येणाऱ्यालाही तेवढंच चालावं लागतं. उचलून घेतलं तर दुप्पट.

विट्यात याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. दाढ किडली की लोक मुलाला घेऊन येतात, चालतात, घाम पुसतात आणि परत जातात.

नवल टिकून होतं ते दवाखान्यातल्या मदतनीस शालनकाकू दुधगावकर यांना. एकोणीस वर्षं त्यांनी बाकाशी उभं राहून फरशा मोजल्या होत्या. माणूस कसा आहे हे त्या तोंडावरून ठरवत नसत, फरशांवरून ठरवत. मुलांना मारू नका म्हणून भाषणं देणाऱ्या हेडमास्तरांच्या पोराला दोनशे सहा फरशा निघाल्या, तेव्हा काकूंनी त्यांना वाटेत पाणी नेऊन दिलं आणि म्हणाल्या, "सर, दमानं. अजून अर्धं भाषण बाकी आहे." उलट फौजदारांच्या मुलीला एकही फरशी वाढली नाही, तर काकूंना आठवडाभर करमलं नाही. भिंगारदेवे वहिनींच्या अथर्वला चौसष्ट निघाल्या. काकू त्यांना म्हणाल्या होत्या, "वहिनी, पुढच्या वेळी चप्पल घालून या हो. एवढं चालायचं म्हणजे पाय पोळतात."

डॉक्टर मॅडम असलं काही बोलत नसत. त्या पलीकडच्या टोकाला, खुर्चीजवळ, सुन्न करायच्या औषधाची काचेची नळी मुठीत धरून उभ्या असत. औषध गार असलं की जास्त झोंबतं, म्हणून ते हाताच्या उबेत ठेवायचं. मूल पोचलं की आधी हिरडीला गुलाबी मलम लावायचं, त्याला स्ट्रॉबेरीचा वास. मग गाल दोन बोटांत धरून हलवत राहायचं; गाल हलत असला की टोचलेलं कमी कळतं. त्याआधी एकच गोष्ट सांगायची, "दुखलं की डावा हात वर कर. मी थांबेन."

मुलाने हात वर केला की मॅडम थांबत. पंखा थांबे. खालच्या रस्त्यावरची एसटी थांबे, तिचा धूर थांबे, समोरच्या पतपेढीच्या पाटीवरून उडालेलं कबुतर हवेत थांबे. थांबलेल्यांना सगळं कळत असे, फक्त हलता येत नसे. काकू तेवढ्या वेळात मनातल्या मनात आकडे म्हणत. बहुतेक मुलं दहाच्या आत हात खाली घेत. बाई खरं बोलली का, एवढंच त्यांना बघायचं असे. आजवरचा सर्वांत मोठा आकडा एक्केचाळीस होता. तो काकूंनी कुणाला सांगितलेला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी काकूंची नात मनवा उठली ती एक गाल घेऊन. दुसरा गाल होता, पण पहिल्यापुढे तो दिसत नव्हता. मनवा सात वर्षांची. आईवडील दोघंही पुण्याला कामाला, म्हणून ती तीन वर्षं आज्जीपाशी. दुधाची दाढ किडली होती, गोळ्या चालू होत्या, आणि सूज रात्रीतून डोळ्याखाली आली होती.

मॅडमनी बाकाजवळ येऊन गाल दाबून पाहिला. "शालनकाकू, आजच काढायची. सूज डोळ्यात शिरली तर सांगलीला भरती करावं लागेल. मी तयारी करते, घेऊन या." आणि त्या अकरा फरशा चालून आपल्या जागी गेल्या.

काकूंनी मनवाचा हात धरला आणि समोर बघितलं.

खुर्ची दिसत नव्हती. भिंती दोन्हीकडून सरळ गेल्या होत्या आणि फार लांब, जिथे त्या एकमेकींना लागत होत्या, तिथे मॅडमचा दिवा एखाद्या टिकलीएवढा होता. छतही वर गेलं होतं. त्याला पंखे होते, रांगेने, शेकड्यांनी, आणि लांबचे पंखे चांदण्यांसारखे बारीक. काकूंनी एकोणीस वर्षांत असं काही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, देवळात घेतात तसा.

बाकावर भिंगारदेवे वहिनी होत्या, अथर्वची दुसरी दाढ दाखवायला आलेल्या. त्यांनी वाकून वाट बघितली. मग बाकाखालून स्वतःच्या चपला काढून पुढे सरकवल्या.

"काकू, घालून घ्या. पाय पोळतात."

काकूंनी त्या घातल्या.

"आज्जी, एवढं कुणी केलं?" मनवाने विचारलं.

"चल गं गुमान," काकू म्हणाल्या. चालता चालता, सवयीने, तोंडातून निघून गेलं, "काही नाही होत. मुंगी चावल्यासारखं होतं."

पुढे फरशा फुटल्या. फुटल्या म्हणजे जमिनीतून निघाल्या, कपबशा आदळाव्या तशा आवाजात, एकदम दहा; थाप धमकीहून महाग निघाली. दिवा तेवढा लहान झाला.

"परत वाढलं," मनवा म्हणाली. तिने गालाला हात लावला. "आणि मुंगी चावली तर दुखतंच की."

शंभराव्या फरशीवर वाटी होती. दोडक्याची भाजी, वाफ निघत असलेली. काकूंनी ती ओळखली. ती मागच्या आषाढातली होती. तिच्यापुढे दुधाचा पेला, वर साय धरलेला. त्याच्यापुढे कंगवा, त्यात मनवाचे गुंतलेले केस. मग पुन्हा वाटी, शेपूची. मग गृहपाठाची वही. जिथवर नजर जात होती तिथवर वाट्या, पेले आणि कंगवे एकामागून एक मांडलेले होते, आणि प्रत्येकातून वाफ, वास किंवा रडं निघत होतं. दिवसाला दोन म्हटलं, तीन वर्षं म्हटलं, सणवार सोडले. छे, सणावारी तर जास्तच. काकूंनी आकडा जुळवला आणि तो पुन्हा जुळवायचा त्यांना धीर झाला नाही.

लोकांच्या घरात काय बोलतात ते त्यांना फरशीवर कळत होतं. स्वतःच्या घरात त्या बोलल्या, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते बोलणंच नव्हतं. शिवाय त्यांच्या बोलण्याला वजन होतं. दुसऱ्या आया नुसतं डॉक्टर म्हणत. काकू म्हणत, "जेव, नाहीतर आमच्या मॅडमना आणते घरी. मोठी सुई आहे, मीच धुते ती रोज."

एक तास चालल्यावर मनवाचा डोळा निम्मा मिटला होता. दिवा होता तेवढाच होता.

"काकू," मॅडमचा आवाज आला. विहिरीच्या तळातून यावा तसा आला, आणि बऱ्याच वेळाने. "औषध गरम आहे. चालत राहा."

मनवा एका वाटीपाशी थांबली. कारल्याची होती. "मी ही खाल्ली नसती तर मॅडमनी खरंच टोचलं असतं?"

काकूंनी मागे बघितलं. बाक दिसत नव्हतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू कारलं खातेस का नाही, मॅडमना ठाऊकसुद्धा नाही."

वाटीतली वाफ थांबली. त्या वाटीपासून पुढच्या वाटीपर्यंतच्या फरशा एकीखाली एक सरकल्या, पापडांची चवड रचावी तशा, आणि चवडही जमिनीत गेली. दोघी न चालता पुढे आल्या.

"मोठी सुई?"

"मोठी नाही. केसाएवढी. आणि रोज धुत नाही. प्रत्येकाला नवी असते. मी ट्रे धुते, बाळा."

पन्नास फरशा एकदम गेल्या. पेले गेले.

मनवा खणखणीत आवाजात विचारू लागली आणि काकू सांगू लागल्या. दुखेल का? दुखेल. किती? दहा म्हणेपर्यंत, मग ओठ जाड वाटेल. दाढ काढताना? ओढल्यासारखं वाटेल, आवाज येईल, पण दुखणार नाही. दुखलं तर हात वर करायचा. रक्त येईल? येईल, कापूस धरायचा. प्रत्येक उत्तराला वाट मिटत होती, छत खाली येत होतं, पंखे एकमेकांत शिरत होते. काकूंना जन्मात इतकं नेमकं बोललेलं आठवत नव्हतं. डोळ्यांपुढे तीन वर्षांचं जेवण, वेणी, अभ्यास सगळं घडी घालून ठेवलं जात होतं आणि त्या तोंडात बोट घालून ते बघत होत्या.

दिवा ताटाएवढा झाला. मॅडमचा ॲप्रन दिसू लागला. शेवटची वाटी राहिली, आणि ती काही हलेना. तिच्यात साधा वरणभात होता.

"आज्जी, मग तू असं सांगायचीस कशाला?"

काकू फरशीवर बसल्या. मनवाचा डोळा आता रेघ उरला होता.

"तू जेवली नाहीस की मला भ्या वाटायचं. तुझी आई येईल आणि म्हणेल, आई, तुमच्यापाशी पोर वाळली. आणि घेऊन जाईल तुला. मला दुसरं काय येत होतं? सुई तेवढी येत होती."

वाटी गेली. अकराही फरशा गेल्या. दोघी खुर्चीला टेकून होत्या.

मॅडमनी मनवाला बसवलं. गुलाबी मलम लावलं, डबी उघडीच ट्रेमध्ये ठेवली. "डावा हात वर केलास की मी थांबेन," त्या म्हणाल्या. मनवाने मान हलवली. मॅडमनी गाल दोन बोटांत धरला, हलवू लागल्या, आणि म्हणाल्या, "आ कर."

काकूंनी आ केला. पोराला घास भरवताना बायका स्वतःचं तोंड उघडतात तसा. एकोणीस वर्षं ही त्यांची खोड होती. मनवाने आज्जीकडे बघून तोंड उघडलं. सुई हिरडीपाशी आली, केसाएवढी, टोकाला औषधाचा एक थेंब.

मनवाने डावा हात वर केला.

पंखा थांबला. एसटी थांबली. थेंब टोकाला थांबला. काकू तोंड उघडं ठेवून थांबल्या आणि त्यांनी आकडे म्हणायला सुरुवात केली. दहा झाले. वीस झाले. मनवाने मान वळवून मॅडमकडे बघितलं, खिडकीतल्या कबुतराकडे बघितलं, सगळ्या थांबलेल्या विट्याकडे बघितलं. एक्केचाळीस गेले.

मग डावा हात तसाच वर ठेवून ती खुर्चीवरून उतरली. उजव्या हाताच्या बोटावर तिने डबीतलं मलम घेतलं, टाचा उंचावल्या, आणि आज्जीच्या उघड्या तोंडात, मागच्या, दाढ पडून रिकाम्या झालेल्या हिरडीला, ते सावकाश चोळलं. मग आज्जीचा गाल दोन बोटांत धरून थोडा हलवला.

"दुखेल," ती म्हणाली. "पण मी थांबेन."

ती पुन्हा खुर्चीवर चढली, डोकं टेकलं, आ केला. सुई जिथे होती तिथेच होती. काकूंची हिरडी सुन्न होऊ लागली, मग गाल, मग ओठ. सगळ्या गावात तेवढी एकच गोष्ट चालू होती. काकूंनी तीनशे बारा म्हटलं. हात वरच होता.